गावांची स्पर्धा घ्यावी की बियाणं वाटावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्यात तुमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. एका दात्याकडून १२ लाख रुपये मिळणार आहेत. त्यातून ३० गावांतल्या महिला शेतकरी गटांना सोयाबीनच्या सुधारित पद्धतीकडे वळवायचं आहे. दाता म्हणतो स्पर्धा घ्या, पहिलं बक्षीस ५ लाखांचं ठेवा, तालुका ढवळून निघेल. संचालक मंडळातले जुने लोक म्हणतात, हे तमाशे नकोत, सरळ बियाणं आणि खत वाटा. यातलं कोण बरोबर, बक्षीस किती ठेवावं आणि स्पर्धेमुळे गावात भांडणं लागली तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मराठवाड्यात महिला गटांबरोबर मी दोन दशकांहून जास्त काळ काम करते आहे. गावांच्या स्पर्धांत गटांच्या बाजूने उतरले आहे आणि पुढे परीक्षक म्हणून गुणतक्ता हातात घेऊन शिवारं पालथी घातली आहेत. त्यावरून सांगते: तुमच्याकडे वाद बक्षिसाच्या आकड्यावरून चालला आहे, पण अडचण त्याच्या अलीकडे आहे. ३० गट उतरले आणि तीन नंबर काढले, तर २७ गट रिकाम्या हाताने घरी जाणार. त्या २७ गटांनी हंगामभर जे केलं, ते पुढच्या खरिपात कोणी बघायला येणार नसतानाही करावंसं त्यांना वाटेल का? वाटेल अशी स्पर्धा रचता येत असेल तर जरूर घ्या. नाहीतर १२ लाख खर्चून तीन गटांचे फोटो निघतील, बाकी काही नाही.

कशावर काय अवलंबून आहे ते आधीच सांगून टाकते. तुमचे गट उमेद, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातले, निदान दोन-तीन वर्षं नियमित बचत आणि बैठका करणारे असतील, तर पुढे लिहिते ते बहुतेक लागू पडेल. स्पर्धा जाहीर झाल्यावर तिच्यासाठी म्हणून गट बनणार असतील, तर पहिलं वर्ष नुसतं गट बांधण्यात घाला. बक्षिसासाठी जमलेला गट बक्षिसाच्या वाटणीच्या दिवशीच फुटतो. दुसरं, घरात पेरणीचा निर्णय कोण घेतं? सातबारा नवऱ्याच्या नावावर, कृषी सेवा केंद्रातली उधारी नवऱ्याच्या नावावर, आणि बीजप्रक्रिया करा, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध नि जिवाणू खत लावा, असं आपण सांगणार बायकोला. अशा घरांत दोघांनाही प्रशिक्षणाला बोलावल्याशिवाय काही हलत नाही. तिसरी गोष्ट, पाऊस. तुमच्याकडे एकाच तालुक्यातल्या दोन महसूल मंडळांत पावसाचा जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि गुणतक्त्याशी त्याचा थेट संबंध आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आता मूळ गोष्ट. बक्षिसाच्या आशेने गाव कामाला लागतं का? आपल्या राज्याइतका याचा अनुभव फार थोड्या ठिकाणी असेल. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्याआधी शौचालयाला अनुदान मिळायचं, आणि त्यातून बांधलेल्या कितीतरी खोल्यांत सरपण नि गोवऱ्या भरलेल्या असायच्या. अभियानाने क्रम उलटा केला. आधी पैसे नाहीत. श्रमदान आणि लोकवर्गणीतून गावाने काम करायचं, मग तपासणी समिती येणार, गुण देणार, आणि पंचायत समितीपासून राज्यापर्यंत पायरीपायरीने बक्षिसं. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना आठवत असेल, समिती येणार म्हटल्यावर गटारी उपसल्या जायच्या, भिंतींवर सुविचार रंगायचे, घरापुढे शोषखड्डे निघायचे.

यात पैशाचा वाटा किती? २,००० वस्तीच्या गावाला ५ लाख मिळाले असं धरा. माणशी २५० रुपये. एवढ्यासाठी कोणी महिना-महिना घाम गाळत नाही. शेजारचं गाव पुढे जाईल ही टोचणी, बाहेरचं कोणीतरी येऊन आपलं काम बघणार याचा हुरूप, आणि एरवी एकमेकांच्या दारात न जाणाऱ्या दोन पार्ट्यांना एकत्र यायला मिळालेलं निमित्त, यांनी गाव हलतं.

तुमच्या दात्याच्या ५ लाखांचं गणित मात्र वेगळं पडतं. तुम्ही गावाला बक्षीस देत नाही, गटाला देताय. २० जणींत ५ लाख म्हणजे प्रत्येकीला २५,०००. कोरडवाहू घराला ही रक्कम मोठी आहे. इतकी मोठी, की तिच्यासाठी वह्या खोट्या लिहिल्या जातील, परीक्षकाच्या जेवणाची सोय कोणाकडे यावरून रुसवे होतील, आणि गावातला एखादा पुढारी गटाला ‘मदत’ करायला अचानक हजर होईल. सरकारी बक्षिसं आता कोटींत गेली आहेत. २०२५मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात ग्रामपंचायतीसाठी राज्यातलं पहिलं बक्षीस ५ कोटींचं आहे. पण ती रक्कम ग्रामपंचायतीच्या खात्यात जाते, कोणाच्या घरात जात नाही. तुम्ही त्या आकड्यांशी बरोबरी करू नका.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमधून, म्हणजे श्रमदानातून पाणी अडवण्याच्या गावांच्या स्पर्धेतून, शिकण्यासारखं बरंच आहे, पण लोक त्यातलं बक्षीस तेवढं लक्षात ठेवतात. २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतली ११६ गावं त्यात उतरली. पहिलं बक्षीस ५० लाखांचं होतं, ते कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाला गेलं. पुढे स्पर्धा ३० आणि मग ७५ तालुक्यांत गेली. माझ्या मते तिची ताकद तीन ठिकाणी होती. स्पर्धेआधी प्रत्येक गावातून निवडलेल्या लोकांना, त्यात बायकाही, मुक्कामी प्रशिक्षण होतं. समतल चर कुठे खणायचा, उतार कसा मोजायचा हे त्यांना हाताने करून यायचं. काळ ठरलेला होता, उन्हाळ्यातले साधारण ४५ दिवस, म्हणजे गाव दम धरू शकत होतं. आणि लोकसंख्येचा हिशेब धरून गुण मिळत असल्यामुळे छोटं गाव आधीच बाद होत नव्हतं. २०१७चं पहिलं बक्षीस आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या छोट्या आदिवासी गावाने मिळवलं, ते त्यामुळेच शक्य झालं.

आणखी एक बारकावा. २०१८मध्ये ठरावीक श्रमदान पूर्ण करणाऱ्या गावांना भारतीय जैन संघटनेने यंत्रं मोफत पुरवली. म्हणजे पहिल्या तीनांत येण्याची शक्यता नसलेल्या गावालाही हंगामाच्या मध्यात मिळवण्यासारखं काहीतरी समोर होतं. श्रमदानाचा आकडा गाठला की पोकलेन येणार, मग नंबर कोणाचा का लागेना. हरणाऱ्या गावांचा विचार मी म्हणते तो हा.

आता या स्पर्धांनी काय जमवलं नाही, तेही बघू. चर आणि बंधारे मोजता येतात, म्हणून ते मोजले गेले. पाणी आल्यावर ते कोण कसं वापरणार, हे ४५ दिवसांत मोजता येत नाही. ज्या शिवारात पाणी वाढलं तिथे पाठोपाठ बोअर वाढले आणि उसाचं क्षेत्रही वाढलं, हे मी पाहिलंय. हिवरे बाजारचं वेगळेपण इथे दिसतं. पोपटराव पवारांच्या गावाने सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत हा नियम केला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. हा नियम कोणत्याही स्पर्धेच्या शेवटच्या तारखेला संपणारा नव्हता. पाणी फाउंडेशननेही पुढे खोदकामावरून हंगामभराच्या गटशेतीकडे मोर्चा वळवला. २०२२पासूनचा फार्मर कप तोच. तुमच्या कामाला वॉटर कपपेक्षा फार्मर कपचा नमुना जवळचा आहे. त्यात उतरलेले गट तुमच्या आसपास असतील तर आधी त्यांना जाऊन भेटा, खास करून नंबर न आलेल्यांना.

केंद्राच्या निर्मल ग्राम पुरस्काराचा धडा वेगळा होता. त्यात नंबर नव्हता. हागणदारीमुक्तीची अट पूर्ण केली की कोणत्याही गावाला पुरस्कार, लोकसंख्येप्रमाणे रक्कम. कल्पना म्हणून मला ती आवडते, कारण त्यात शेजाऱ्याला हरवावं लागत नाही. पण पुरस्कार मिळाला की विषय संपला. पुरस्काराची पाटी वेशीवर आणि सकाळी लोक पुन्हा टमरेल घेऊन रस्त्याच्या कडेला, असं चित्र कितीतरी गावांत काही वर्षांतच दिसू लागलं. म्हणून बक्षिसातला काही भाग दुसऱ्या वर्षीच्या तपासणीनंतरच द्यायचा, हा नियम मी कुठल्याही स्पर्धेत सोडत नाही. आधीच सांगितलेलं असलं की त्यावर कुरकुर होत नाही.

आता तुमच्या संचालकांचं म्हणणं. बियाणं वाटण्याला माझा सरसकट विरोध नाही, पण सोयाबीनच्या बाबतीत तो खर्च वाया जातो. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक. एकदा चांगलं प्रमाणित बियाणं आणलं की पुढचे दोन-तीन हंगाम घरचं बियाणं वापरता येतं, फक्त ते नीट साठवलेलं हवं आणि उगवण तपासलेली हवी. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, सत्तर किंवा जास्त उगवले तर पेरायला हरकत नाही, कमी उगवले तर प्रमाण वाढवायचं किंवा बियाणं बदलायचं. दर जूनमध्ये दुकानासमोर रांगा लावणाऱ्या घराला हे येणं म्हणजे दरवर्षीची बॅग वाचणं. वाटलेल्या बॅगेने हे शिकवलं जात नाही, उलट पुढच्या वर्षी कंपनीच्या दारात ‘यंदा बियाणं कधी?’ म्हणून विचारणा सुरू होते.

तरी संचालकांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे: काहीच न देता नुसतं ‘पळा’ म्हटलं, तर ज्यांच्याकडे आधीच आहे तेच पळतात. दक्षिण कोरियाच्या सेमाउल चळवळीने यातून काढलेली वाट मला पटते. १९७०-७१च्या हिवाळ्यात तिथल्या सरकारने ३३ हजारांवर गावांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट दिलं, सगळ्यांना सारखं, आणि गावाने मिळून काहीतरी सामाईक काम करा एवढंच सांगितलं. पुढच्या वर्षी ज्यांनी सिमेंट कारणी लावलं होतं अशा १६,६०० गावांना ५०० पोती सिमेंट आणि एक टन लोखंड मिळालं. बाकीच्यांना त्या वर्षी काही नाही. आधी समान वाटप, मग केलेल्या कामाप्रमाणे जास्त. ती चळवळ पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाहीत वरून रेटली गेली होती हे विसरू नये, आणि त्याच्या वीस वर्षं आधीच तिथे जमिनींचं फेरवाटप झालेलं होतं, त्यामुळे गावातली घरं बरीचशी एका पातळीवर होती. आपल्याकडे तसं नाही. महिला गटात दोन एकरवाली असते, दहा एकरवाली असते आणि दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करणारीही असते. सोयाबीनची स्पर्धा घेतली की ही तिसरी आपोआप बाहेर पडते. तिच्यासाठी गुणतक्त्यात जागा ठेवा: गटाने निंबोळी अर्क, जिवाणू खतं किंवा निवडलेलं बियाणं तयार करून विकलं का, आणि त्यात भूमिहीन सदस्यांच्या हातात किती पैसे आले. मी याला १५ गुण ठेवते, आणि त्यावर आजवर एकाही गटाने हरकत घेतलेली नाही.

तुमच्यासाठी म्हणून: प्रत्येक गटाला सुरुवातीला छोटा सारखा संच द्या. माती परीक्षण, बियाण्याला लावायला रायझोबियम (जिवाणू खत) आणि ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयुक्त बुरशी), पावसाची नोंद घ्यायला साधं पर्जन्यमापक, खर्चाच्या छापील वह्या. एवढं पुरे. त्यापुढे स्पर्धा.

आता गुणतक्ता. इथे मी रेंगाळणार आहे, कारण स्पर्धेचं बरंवाईट इथेच ठरतं.

कृषी विभागाची पीक स्पर्धा तुम्हाला माहीत असेल. हेक्टरी उत्पादन मोजून तालुक्यात पहिला ५,०००, जिल्ह्यात १०,०००, राज्यात ५०,००० रुपये. चांगली स्पर्धा आहे, तिने चांगले शेतकरी पुढे आणले. पण तिचा हेतू उत्तम शेतकरी शोधणं हा आहे. तिथे जिंकणारा बहुधा भारी जमिनीचा, विहिरीवाला आणि एक तुकडा ‘स्पर्धेचा प्लॉट’ म्हणून लेकरासारखा जपणारा असतो. तुम्हाला उत्तम बाई शोधायची नाही, साधारण बाईची शेती दोन पायऱ्या वर न्यायची आहे. एकरी क्विंटलवर सगळे गुण ठेवले, तर मुरमाड माळावरचा गट पहिल्याच बैठकीत ‘आपलं काय तिथे काम’ म्हणून उठेल.

क्रमांक लावून बक्षीस देण्याचा रीतसर अभ्यास अर्थशास्त्रात लेझिअर आणि रोझेन यांच्या १९८१च्या निबंधापासून सुरू झाला. त्या विषयावरच्या लिखाणातल्या दोन गोष्टी शेतात तंतोतंत लागू पडतात. एक, सगळ्यांवर सारखंच संकट आलं तर क्रमांक पद्धत न्याय्य ठरते. पावसाने सगळ्यांनाच झोडपलं तरी त्यातल्या त्यात बरं कोणी केलं ते कळतंच. पण पाऊस मंडळागणिक वेगळा पडला, की तोच क्रमांक नशिबाचा होतो. म्हणून उत्पादनाचे गुण महसूल मंडळाच्या आत लावा, तालुकाभर एकत्र लावू नका. दोन, स्पर्धक फार असमान असले की कमजोर तर हात टेकतातच, बलवानही ढिले पडतात, कारण त्यांना जोर लावायची गरजच उरत नाही. यावर उपाय म्हणजे काही गुण मागच्या वर्षीच्या स्वतःशी तुलना करून देणं.

त्यातही एक फट आहे. मागच्या वर्षीचा आकडा स्पर्धा जाहीर झाल्यावर विचारलात, तर प्रत्येकीला गेल्या वर्षी तीनच क्विंटल झालेलं असतं. तो आकडा आधीच, साध्या सर्वेक्षणात, बाजार समितीची पावती किंवा तुमच्या कंपनीची खरेदी नोंद बघून लिहून ठेवा.

शंभरातले पन्नास-एक गुण मी पद्धतीला ठेवेन: उगवण चाचणी झाली का, बीजप्रक्रिया झाली का, पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर केली की पहिल्या सरीला घाई केली, रुंद सरी वरंब्यावर किंवा टोकण पद्धतीने किती क्षेत्र, खुरपणी-फवारणीत सावड, म्हणजे एकमेकींच्या शेतात आळीपाळीने काम, किती वेळा झाली, खर्चाची वही आठवड्याला भरली का. साधारण वीस गुण उत्पादनाला आणि क्विंटलमागे आलेल्या खर्चाला मिळून. १५ भूमिहीन सदस्यांच्या कमाईला. उरलेले गटाच्या बैठका आणि नोंदींना. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. पण क्विंटलमागे खर्च हा रकाना कोणत्याही परिस्थितीत गाळू नका. नाहीतर जिंकण्यासाठी दोन फवारण्या जास्त आणि खताची बॅग जास्त, आणि शेवटी बक्षीस हातात पण हंगाम तोट्यात.

मोजणी कोणत्या शेतात होणार हे आधी सांगू नका. त्या दिवशी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून तीन सदस्यांची शेतं निवडा. एवढ्या एका नियमाने ‘दाखवायचा प्लॉट’ हा प्रकार संपतो. कोणाचंही शेत निघू शकतं म्हटल्यावर गट आपल्यातल्या मागे पडलेल्या बाईच्या बांधावर जायला लागतो. या नियमामुळे जेवढी सावड झालेली पाहिली, तेवढी भाषणांनी झालेली पाहिली नाही.

परीक्षक कोण? कृषी सहायक आणि विद्यापीठाचे लोक एका फेरीला घ्या, पण मुख्य गुण दुसऱ्या गावच्या बायकांना देऊ द्या, आपल्या गावाला सोडून. पेरूच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून मारेनास नावाच्या प्रकल्पात कुटुंबाकुटुंबांत आणि गावागावांत अशा स्पर्धा झाल्या. तिथे कुटुंबं आपल्या जमिनीचा आजचा आणि उद्याचा नकाशा रंगवून परीक्षकांपुढे मांडायची, आणि गावातल्याच जाणत्या शेतकऱ्यांना प्रशिक्षक म्हणून पैसे देऊन बोलावलं जायचं. ही शेवटची गोष्ट तुम्ही जशीच्या तशी उचला. जिंकलेल्या गटाला नुसतं रोख देऊन थांबू नका, पुढच्या वर्षी इतर गावांत शिकवायला बोलवा आणि प्रत्येक वर्गाचं मानधन द्या. दुसऱ्या गावच्या बाईने येऊन वही तपासण्याचा धाक अधिकाऱ्यापेक्षा जास्त असतो, कारण निंबोळी अर्क खरंच घरी केला की बाजारातून बाटली आणली, हे ती वासावरून सांगते. आणि गुण देता देता तीच जास्त शिकून जाते.

भांडणांबद्दल. गावागावांत थोडी चुरस असणारच, ती चालते. मला काळजी वाटते ती गटाच्या आत एखादीवर येणाऱ्या दबावाची. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७मध्ये सुरू झाली, लोकसंख्येनुसार १ लाखापासून १० लाखांपर्यंत बक्षीस. कितीतरी वर्षांचे बांधाचे वाद तिने मिटवले, हे मान्यच. पण घरी मार खाणाऱ्या बाईला ‘तू पोलिसांत गेलीस तर गावाचं बक्षीस जाईल’ असं सांगितलं गेल्याचंही मी गटांच्या बैठकांत ऐकलं आहे. जे शून्यावर आणायला आपण बक्षीस लावतो, ते लपवलं जातं. तुमच्याकडे ‘शंभर टक्के सदस्यांचा सहभाग’ असा निकष ठेवलात, तर आजारी सासू सांभाळणारीला गटातून काढलं जाईल. सहभागाला ऐंशी टक्क्यांवर पूर्ण गुण द्या आणि हंगामात सदस्य कमी करायला मनाई करा. बक्षीस आलं तर त्याची वाटणी कशी करायची, याचा ठराव प्रत्येक गटाने नाव नोंदवतानाच करून द्यायला हवा. ठराव नाही तर प्रवेश नाही.

पैशाचा हिशेब मी असा मांडेन. १२ लाखांतले ४ लाख प्रशिक्षण, सुरुवातीचे संच आणि शिवारफेऱ्यांना. दीड लाख मोजणी आणि परीक्षकांच्या प्रवास-मानधनाला. यात काटकसर केलीत तर निकालावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ४ लाख या वर्षीच्या बक्षिसांना: पहिलं १ लाख, दुसरं ६० हजार, तिसरं ४० हजार, आणि उरलेल्या २ लाखांतून, ज्या गटाचे गुण ६०च्या पुढे जातील त्या प्रत्येकाला १०-१० हजार. वीस गटांपर्यंत हे पुरतं. २ लाख दुसऱ्या खरिपाच्या तपासणीनंतर देण्यासाठी बाजूला, आणि ५० हजार अडीअडचणीला. थोडक्यात, सुरुवातीला सगळ्यांना सारखं, कष्ट करणाऱ्या बहुतेकांना थोडं, वरच्या तिघांना मान, आणि टिकवणाऱ्यांना पुन्हा एकदा. दात्याला तालुका ढवळून निघालेला हवा असेल, तर बक्षीस समारंभ दणक्यात करा, त्यांच्या हस्ते करा. त्याला फार पैसे लागत नाहीत.

स्पर्धेने बाजार मात्र मिळत नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ला ५,३२८ रुपये आहे, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की खरेदी केंद्रावरून माल परत येतो आणि आडतीवर पडेल त्या भावाला जातो. गटांनी सहा महिने राबून चांगला माल काढला आणि शेवटी तो त्याच आडत्याच्या काट्यावर गेला, तर पुढच्या वर्षी तुमच्या स्पर्धेला कोणी उभं राहणार नाही. तुमची कंपनी इथे उपयोगी पडायला हवी: ओलावा मापक, चाळणी, ताडपत्र्या, आणि स्पर्धेतल्या गटांचा माल प्रतवारी करून एकत्र विकणं. संचालक मंडळाची याला तयारी नसेल, तर स्पर्धेवर एक रुपयाही घालू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी तारखांचं. उगवण चाचणी मे महिन्यात व्हायला हवी, त्याआधी प्रशिक्षण, त्याआधी नाव नोंदणी आणि वाटणीचे ठराव. म्हणजे मागच्या वर्षीच्या उत्पादनाचं सर्वेक्षण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि नियमपत्रिका एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गावांत पोचली पाहिजे. दात्याचे पैसे जूनमध्ये येणार असतील, तर यंदाचं खरीप सोडा आणि रब्बीत हरभऱ्यावर लहान प्रमाणात, आठ-दहा गावांत, हाच गुणतक्ता वापरून बघा. हरभऱ्यालाही घरचं बियाणं, बीजप्रक्रिया आणि खर्चाची वही हे तिन्ही लागू पडतं, आणि पावसाची भानगड कमी असल्यामुळे मोजणीत कुठे फटी राहतात ते स्वच्छ दिसेल.

नियमपत्रिकेचा कच्चा मसुदा झाला की इथेच टाका. गुणांचे रकाने मी बघून देईन.